बॉस नको, व्हिसा हवा!

स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम घेऊन परदेशी राहायला जायचंय? मग हे देशोदेशीचे नियम, त्यांच्या पोटातल्या गमती आणि फाइल लावताना कामी येतील अशा काही गोष्टी.

लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ हा प्रश्न ठरलेला. ‘अमुक कंपनीत आहे’ म्हटलं की विषय संपतो. ‘स्वतःचं काम करतो’ म्हटलं की विषय सुरू होतो. कसलं काम? किती मिळतात? दर महिन्याला मिळतात का? व्हिसाच्या खिडकीवरही नेमकं हेच घडतं. नोकरदाराने कंपनीचं पत्र आणि पगारपत्रकं जोडली की त्याची निम्मी फाइल उभी राहते. पण ज्याचा मालक तोच, त्याने पत्र कोणाकडून आणायचं?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकेका देशाने या प्रश्नाचं आपापलं उत्तर काढलंय. कुणी बँकेची शिल्लक बघतं, कुणी पदवी, कुणी धंद्याची कल्पना. ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली, तर प्रत्येक देशाला काय हवंय आणि कशाची धास्ती आहे हे स्वच्छ दिसतं. अर्ज करणाऱ्याने सगळ्यात आधी ओळखायचं ते हेच.

१. ‘व्हिसा’ म्हणजे ‘पाहिले’

हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे तपासून झालेला कागद. आपल्याकडे साहेब फाइलच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असा शेरा मारून खाली सही करतात, अगदी तसाच. म्हणून फाइल लावताना एकच कसोटी ठेवा: पाहणाऱ्याला नीट दिसतंय का?

२. फ्रीलान्सर? आपला शिलेदार!

लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९च्या अखेरीस आलेल्या कादंबरीने ‘फ्री लान्स’ हा शब्दप्रयोग घराघरांत नेला. कोणा एकाशी न बांधलेला, मोबदला घेऊन लढणारा भालाईत, असा त्याचा अर्थ. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे घोडेस्वार होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा. कंपनीचा लॅपटॉप वापरतो तो बारगीर, स्वतःचा लॅपटॉप घेऊन निघतो तो शिलेदार.

३. शेंगेन हे गावाचं नाव आहे

लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं छोटंसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे नदीतल्या एका जहाजावर आपसातल्या सीमांवरची तपासणी हटवायच्या करारावर सह्या केल्या आणि गावाचं नाव जगभरच्या पासपोर्टांवर गेलं. लक्षात ठेवायचं ते असं, की फिरायला जाताना मिळतो तो शेंगेन व्हिसा ‘सी’ प्रकारचा असतो. त्यावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मुक्काम हलवायचा असेल तर त्या त्या देशाचा ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. ‘आधी टुरिस्ट म्हणून जाऊ, मग तिथेच बघू’ हा सल्ला बहुतेकांना महागात पडतो.

४. जर्मनीत बंदराचा वाटाड्याही फ्रीलान्सर

जर्मनीत स्वतंत्र काम करणाऱ्यांचे दोन गट आहेत: व्यापारधंदा करणारे आणि ‘मुक्त व्यावसायिक’. आपण कोणत्या गटात बसतो हे बघायला आयकर कायद्याचं १८वं कलम उघडायचं. त्यात पेशांची यादीच दिली आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, पत्रकार, दुभाषे, भाषांतरकार हे त्यात आहेतच, शिवाय जहाजांना बंदरात वाट दाखवणारे वाटाडेही आहेत. या गटाला व्यापार कर लागत नाही. परदेशी माणसाच्या परवान्याचा नियम मात्र निवास कायद्याच्या २१व्या कलमात आहे, आणि त्यात एक अट हमखास नजरेतून सुटते. वय ४५च्या पुढे असेल तर म्हातारपणाची पुरेशी सोय दाखवावी लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून भाषांतराची कामं करणाऱ्या मंडळींनी ते १८वं कलम नक्की वाचावं. आपला पेशा तिथे चक्क नावानिशी लिहिलेला आहे!

५. एक बाई, दोन नावं

माझी एक मैत्रीण अशीच जर्मनची भाषांतरकार. तिची फाइल आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरली होती. दोन ग्राहकांची ‘आम्ही हिला काम देऊ’ अशी पत्रं, पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज, आरोग्य विमा, पदवी, सगळं रांगेत लावून झालं. अडलं ते नावाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर तोच क्रम. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. आपल्याला यात वावगं काहीच दिसत नाही, पण हा क्रम ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याला तिथे दोन वेगळ्या बायका दिसू शकतात. मग लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र आणि ‘या सगळ्या नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, असा तीन कागदांचा पूल बांधला. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या प्रत्येक विवाहित स्त्रीने हा पूल पहिल्याच दिवशी बांधून ठेवावा.

६. नऊ सेंटिमीटरचा चौकोन

अपॉस्टिल म्हणजे आपल्या दाखल्यावरची सही-शिक्का खरा आहे, अशी सरकारने दुसऱ्या देशाला दिलेली ग्वाही. ५ ऑक्टोबर १९६१च्या हेग करारात तिचा नमुनाच ठरवून दिला आहे: चौकोन, बाजू किमान ९ सेंटिमीटर आणि मथळा फ्रेंचमध्येच. भारत या करारात २००५मध्ये आला. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल करून देतं. त्याचं सरकारी शुल्क फक्त ५० रुपये, बाकीचा खर्च असतो तो सेवा देणाऱ्यांचा आणि धावपळीचा. मात्र भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत नोंदवली होती. त्यामुळे आपला चौकोन जर्मन कार्यालयांवर बंधनकारक नाही, आणि ती कागदांची वेगळी पडताळणी मागू शकतात. संयुक्त अरब अमिरातीसाठी अपॉस्टिल नव्हे, दूतावासाचं साक्षांकन लागतं. देश नक्की करा आणि मगच शिक्क्यांवर पैसे खर्च करा.

७. मैत्रीची किंमत ४,५०० युरो

नेदरलँड्स आणि अमेरिका यांच्यात १९५६ साली मैत्री करार झाला. त्याच्या आधाराने अमेरिकन माणूस आजही धंद्यात ४,५०० युरोंचं भांडवल घालून तिथे राहायचा परवाना मागू शकतो. भारतीयाला ही सवलत नाही. त्याच्यासाठी गुणांची परीक्षा आहे. अनुभव किती, धंद्याचा आराखडा कसा, डच अर्थव्यवस्थेला त्यातून काय मिळणार, या तिन्ही विषयांत गुण पडतात. नव्या कल्पनेवर उभ्या धंद्यासाठी २०१५पासून वेगळा स्टार्टअप व्हिसाही आहे, पण त्याला तिथला मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतो. म्हणजे बोट धरणारा आधी शोधायचा, मग पाऊल टाकायचं.

८. कार्ड आहे, पण घरात प्रवेश नाही

एस्टोनियाने १ डिसेंबर २०१४ रोजी ई-रेसिडेन्सी सुरू केली. घरबसल्या अर्ज करायचा आणि डिजिटल ओळखीचं कार्ड घ्यायचं. त्याच्या बळावर एस्टोनियात कंपनी काढता येते, कागदांवर डिजिटल सही करता येते. पहिलं कार्ड ब्रिटिश पत्रकार एडवर्ड लुकास यांना मिळालं. नावात ‘रेसिडेन्सी’ असली तरी हे कार्ड दाखवून त्या देशात राहताही येत नाही आणि शिरताही येत नाही. ज्यांना खरोखर जाऊन राहायचंय त्यांच्यासाठी २०२०च्या ऑगस्टमध्ये निराळा डिजिटल नोमॅड व्हिसा काढला. या दोन्हींची गल्लत फार जण करतात. आपण करू नये.

९. लिस्बनचा चौपट हिशेब

पोर्तुगालचे व्हिसे अक्षर-आकड्यांनी ओळखले जातात. उद्योजकाला डी-२, आणि परदेशी ग्राहकांसाठी दुरून काम करणाऱ्याला ऑक्टोबर २०२२पासून डी-८. डी-८साठी महिन्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट असावं लागतं. किमान वेतन वाढलं की उंबरठाही आपोआप वर सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबून अर्ज करू नका. गोव्याच्या काही घरांची वाट मात्र निराळी आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना जन्मनोंदीच्या आधाराने थेट पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. आजोबांचा जुना जन्मदाखला अशा घरांत सोन्यासारखा जपतात, तो यामुळेच.

१०. फुटबॉलपटूच्या नावाचा कर

स्पेनमध्ये बाहेरून येऊन काम करणाऱ्यांसाठी सवलतीच्या कराची एक योजना आहे. लोक तिला ‘बेकहॅम कायदा’ म्हणतात, कारण डेव्हिड बेकहॅम रेआल माद्रिदकडून खेळत असतानाच ती आली आणि त्याला तिचा लाभ झाला. २०१५पासून व्यावसायिक खेळाडूंना मात्र ती बंद आहे! डिसेंबर २०२२च्या स्टार्टअप कायद्याने दुरून काम करणाऱ्या परदेशी मंडळींसाठी व्हिसा आणला. या व्हिसावर फ्रीलान्सरला स्पॅनिश ग्राहकांचंही काम घेता येतं, पण एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. बाहेरचा पैसा इथे आणा आणि इथल्यांच्या ताटातला घास घेऊ नका, असं स्पेनचं सरळ म्हणणं आहे.

११. दुबई: हिरवा आणि सोनेरी

संयुक्त अरब अमिरातीत व्हिसाला रंग आहेत. गोल्डन दहा वर्षांपर्यंतचा, २०२२पासूनचा ग्रीन पाच वर्षांचा. फ्रीलान्सरला ग्रीन हवा असेल तर फ्रीलान्स परमिट, पदवी किंवा विशेष पदविका आणि मागच्या दोन वर्षांचं स्वतःच्या कामाचं किमान ३,६०,००० दिरहम उत्पन्न दाखवावं लागतं. पूर्वी इथे राहायचं तर कंपनी किंवा घरचं माणूस प्रायोजक म्हणून पाठीशी लागायचं. ग्रीनमध्ये माणूस स्वतःच स्वतःचा प्रायोजक असतो. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे मात्र चुकत नाही.

१२. स्वयंपाक शिका, पाच वर्षांचा व्हिसा मिळवा

थायलंडने जुलै २०२४मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ आणला. मुदत पाच वर्षं, एका खेपेला १८० दिवस मुक्काम, आणि खात्यात किमान ५ लाख बाट शिल्लक हवी. दुरून काम करणारे आणि फ्रीलान्सर त्याला पात्र आहेतच, पण मुआय थाय हा मुष्टियुद्धाचा प्रकार किंवा थाय स्वयंपाक शिकायला येणाऱ्यांनाही तो मागता येतो. थाय कंपनीत नोकरी करायला मात्र वेगळा परवाना लागतो.

१३. बेटांचं आमंत्रण

२०२०मध्ये कोविडने हॉटेलं ओस पाडली, तेव्हा बेटांना सुचलं: पर्यटक चार दिवस येत नाही, तर लॅपटॉपवाल्याला वर्षभर बोलावू. बार्बाडोसने जुलैमध्ये ‘वेलकम स्टँप’ काढला. बारा महिने राहायची मुभा, वर्षाला ५०,००० डॉलर उत्पन्नाची अट, शुल्क एकट्याला २,००० आणि कुटुंबाला ३,००० डॉलर. मॉरिशसने त्याच वर्षी ‘प्रीमियम व्हिसा’ आणला. अट महिना १,५०० डॉलरची, आणि सुरू झाला तेव्हा त्याला शुल्कच नव्हतं. तिथे मराठी माणसाला आपलेपणाही मिळेल. १९व्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी परंपरा जपतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

१४. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने उंबरठा वाढवला

ब्रिटनमध्ये २०१९पर्यंत उद्योजक व्हिसासाठी साधारणपणे २ लाख पौंड दाखवावे लागत. नंतर आलेल्या व्हिसात ५०,००० पुरे झाले. एप्रिल २०२३पासून ‘इनोव्हेटर फाउंडर’मध्ये किमान भांडवलाची अटच गेली. आता मान्यताप्राप्त संस्था तपासते त्या तीन गोष्टी: धंदा नवा आहे का, चालण्याजोगा आहे का, वाढू शकेल का. जपान उलट्या दिशेने निघाला. तिथे धंदा चालवणाऱ्याच्या व्हिसासाठी ५० लाख येन भांडवल चालायचं. ऑक्टोबर २०२५पासून ते ३ कोटी येन झालं, म्हणजे थेट सहापट! जोडीला निदान एक पूर्णवेळ कर्मचारीही हवा. ब्रिटन कल्पनेला किंमत देतोय, जपानला कागदी कंपन्यांची धास्ती आहे.

१५. वर्षाला ७५ जागा, आणि वर ४०,००० डॉलर

डेन्मार्कच्या ‘स्टार्टअप डेन्मार्क’ योजनेत तज्ज्ञांची समिती धंद्याचा आराखडा तपासते आणि वर्षाला जास्तीत जास्त ७५ परवाने देते. चिलीने तर २०१०मध्ये कमालच केली. ‘स्टार्टअप चिली’त निवड झालेल्यांना एक वर्षाचा व्हिसा आणि वर ४०,००० डॉलर दिले, तेही कंपनीतला एकही हिस्सा न मागता. सांतियागो शहरात नव्या धंद्यांची वर्दळ व्हावी, एवढीच अपेक्षा.

१६. अमेरिकेची न मिळालेली किल्ली

अमेरिकेचा ई-२ हा व्हिसा धंद्यात पैसे घालून तो स्वतः चालवणाऱ्यांसाठी आहे, पण ज्या देशांशी तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना तो मिळतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका यादीत आहेत. भारत नाही! एच-१बी हा नोकरीचा व्हिसा तर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याशी बांधलेला असतो. त्यावर फावल्या वेळात स्वतंत्र कामं घेणं म्हणजे व्हिसाच धोक्यात घालणं.

१७. जिथे व्हिसाच लागत नाही

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवर राहायला आणि काम करायला कोणालाही व्हिसा लागत नाही. १९२०च्या स्वालबार करारावर तेव्हाच्या भारताच्या वतीनेही सही झालेली आहे, आणि २००८पासून आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र तिथे आहे. अट इतकीच, की पोट स्वतःचं स्वतः भरायचं. ज्याला ते जमत नाही त्याला गव्हर्नर परत पाठवू शकतात. शिवाय तिथली नेहमीची वाट नॉर्वेतून जाते, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतोच. याहून सोपं हवं असेल तर नेपाळ आहे! १९५०च्या भारत–नेपाळ करारात एकमेकांच्या नागरिकांना राहण्या-फिरण्याची आणि व्यापार-धंद्याची मुभा मान्य केलेली आहे.

१८. पेशव्यांचा ‘कौल’

सवलती देऊन माणसं बोलावणं आपल्याला नवं वाटतं, पण पुण्याच्या पेठा वसल्या त्या याच युक्तीने. नवी पेठ वसवायची असली की पेशवे सरकार कौल द्यायचं. व्यापारी, कारागीर, विणकरांनी यावं, घर बांधावं, दुकान मांडावं, ठरावीक वर्षं कर माफ. बार्बाडोसचा वेलकम स्टँप आणि पुण्यातला कौल यांच्यामधला विचार एकच: कसबी माणूस आला की गाव उभं राहतं.

पिशवीत काय काय ठेवायचं?

• पोलिसांचा दाखला (पीसीसी): परदेशी वास्तव्यासाठी तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. फार लवकर काढला तर अर्जाच्या दिवशी शिळा ठरतो.
• बँकेची विवरणपत्रं: ग्राहकाचं नाव, बिल आणि जमा रक्कम या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम शंका वाढवते.
• फोटो: शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला २ बाय २ इंच. स्टुडिओत देशाचं नाव सांगा.
• पैसे पाठवायची मर्यादा: रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात.
• कराचं कॅलेंडर: भारतात वर्षाला १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर कराच्या दृष्टीने तुम्ही इथले निवासी. व्हिसा मिळाला म्हणजे इथला कर संपला, असं नसतं.
• शेवटचा शब्द: एजंटाचा नव्हे, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळाचा. आकडे आणि योजना बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

आता त्या टेबलावरच्या फाइलकडे परत येते. सगळे कागद लागले तरी मैत्रिणीला तिचं निवेदन काही केल्या जमेना. तीन पानं लिहून झाली. ‘सर्जनशील’, ‘जागतिक’, ‘बहुआयामी’ असे शब्द भरून वाहत होते. शेवटी तिच्या आजीने सोफ्यावरून विचारलं, “अगं, पण तू तिकडे जाऊन नक्की करणार काय?” ती म्हणाली, “औषधांच्या खोक्यात जी माहितीची घडी असते ना आजी, ती मी जर्मनमधून इंग्रजीत करते. दोन कंपन्या मला त्याचे पैसे देतात. तिकडे गेले की तिसरी मिळेल.”

आजीला कळलं. मैत्रिणीने तीन पानं बाजूला सारली आणि हीच तीन वाक्यं निवेदनाच्या सुरुवातीला लिहिली. तिला परवाना मिळाला. बर्लिनला भाड्याने घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत घरमालकाचं पत्र घेऊन पत्ता नोंदवायला गेली, तेव्हा तिथून तिने मला पोचपावतीचा फोटो पाठवला. शिक्का मारलेला साधा कागद, त्यावर तिचं नाव, लग्नानंतरचं, अगदी पासपोर्टवरच्यासारखं. खाली तिने लिहिलं होतं: ‘घोडा पोचला.’